जुळवलेली शीव

"सर, नकाशा खोटं बोलला तर मार कोणाला पडतो?"

प्रश्न पूर्णिमाचा, तोंड माझं. गेल्या वर्षीपर्यंत मी हजेरीलासुद्धा इतक्या हळू 'यस मॅडम' म्हणायची की दोनदा माझी गैरहजेरी लागली होती. मग जिल्ह्याच्या वादविवाद स्पर्धेत मी पहिली आले आणि तेव्हापासून माझ्या तोंडाला दारच राहिलं नाही. पूर्णिमा रोज नवी पैज लावायची. "ये पूछ के दिखा, कौमुदी. हिम्मत है?" हिंमत तर होतीच. भरपूर होती. वापरायला जागा पुरत नव्हती.

त्या दिवशी भूगोलाच्या मॅडमनी एका निवृत्त सर्व्हेअरना वर्गात बोलावलं होतं. तुळशीराम सहारे, पंच्याहत्तरीचे, अंगानं काटकुळे. बगलेत पत्र्याची लांब नळी आणि नळीत गुंडाळलेले जुने नकाशे. अकरावीच्या आमच्या प्रकल्पाचा विषय होता 'माझा परिसर, जुन्या नकाशांतून'. तासभर ते मोजणीची साखळी, झेंडी, ती धरणारे खलाशी यांच्या गोष्टी सांगत होते आणि मागच्या बाकांवर जांभया चालल्या होत्या. माझ्या प्रश्नावर मात्र अख्खा वर्ग हसला. पूर्णिमानं तर ओढणी तोंडात कोंबली.

सहारे सर हसले नाहीत.

"जो रेषेवर उभा असते, त्याले," ते म्हणाले. मी हिंदीत विचारलं होतं, उत्तर मराठीत आलं. "रामटेके ना तू? नकाशा शाखेतल्या दिवाकरची पोरगी?"

"तुम्ही बाबांना ओळखता?"

"त्याचा हात लई सफाईचा. राहता कुठं आता?"

"नव्या राजधानीत!" मी असं सांगितलं की जणू ती मीच वसवली. मंत्रालय तिकडे जाऊन दोनच वर्षं झाली होती. आम्ही एप्रिलमध्ये गेलो. त्याआधी जुन्या शहरात, गुढियारीत दोन खोल्यांत राहायचो, मालधक्क्याच्या मागे. वॅगन एकमेकांवर आदळल्या की आमची फळीवरची भांडी खणखणायची आणि आई झोपेतच हात वर करून ती धरायची. आता स्वतःचं घर होतं. रस्ते इतके रुंद की कुत्रंसुद्धा ओलांडताना मध्ये थांबून विचार करायचं. आणि चहूकडे भाठा. भाठा म्हणजे इथली लाल मुरमाड जमीन, जिच्यावर धान पिकत नाही, झाड धरत नाही. उन्हाळ्यात ती तांब्याच्या परातीइतकी तापते. पूर्णिमा म्हणायची, "तू तो रेगिस्तान में रहने चली गई."

सहारे सरांनी टेबलावर एक शीट पसरलं. एक इंच म्हणजे एक मैल. तपकिरी वळणरेषा, निळा तलाव, जुनी गाडीवाट. तलाव आणि वाट धरून मला आमची जागा अर्ध्या मिनिटात सापडली. मी बोट ठेवलं. "हे आमचं घर!"

त्यांनी माझं बोट उचलून बाजूला ठेवलं, जसं आपण तव्यावरून कोणाचं बोट उचलू.

"तिथं घर कसं असल? तिथं जागाच नाही."

"सर, हॉल आहे, स्वयंपाकघर आहे, दोन खोल्या आहेत. नळाला दोन्ही वेळा पाणी येतं!"

वर्ग पुन्हा हसला. त्यांनी चष्मा वर केला आणि नखानं दाखवलं. भाठ्याच्या एका अंगाला सेमरकोना नावाचं गाव, दुसऱ्या अंगाला टेंगनापार. दोन्ही गावांच्या शिवेच्या तुटक रेषा एकमेकींजवळ येऊन शेजारीशेजारी धावत होत्या. मध्ये दोरा मावेल एवढी पांढरी पट्टी.

"जमिनीवर सहा पावलं," ते म्हणाले. "एवढी बारीक गोष्ट या मापात दाखवत नसतात. पण मोजणीवाल्यानं मुद्दाम दाखवली. काहून? दोन्ही गावं त्याच्या मागं लागली म्हणून. सावनात सवनाही करत ना इकडं. गावातली रोगराई, भांडण, जे काय वाईट असल ते गावचा बैगा, म्हंजे पुजारी, खेळण्याएवढ्या लाकडी गाडीत काढे. लिंबू, नारळ, काळी कोंबडी. अन् गाडी शिवेपार नेऊन सोडे. आता याची शीव संपली तिथंच त्याची सुरू होत असल, तर यानं टाकलेलं त्याच्या अंगणात जाईल ना? म्हणून मधात पट्टी. ना याची, ना त्याची. मोजू देत, पण जोडू देत नसत."

"मग?"

"मग एक साहेब आला. त्यानं म्हटलं, कोणाचीच नाही अशी जमीन नसते. त्यानं जोडली."

दुसरं शीट. तीच जागा, पण आता दोन गावांच्या मध्ये एकच रेषा, स्वच्छ.

तिसरं शीट. दोन्ही गावांच्या नावांखाली बारीक तिरप्या अक्षरांत एकच इंग्रजी शब्द. त्याचा अर्थ सहारे सरांनीच सांगितला: बेचिराग. ज्या गावात दिवा लागत नाही ते.

मी सनावळ्या वाचल्या. "म्हणजे नऊ वर्षांत दोन्ही गावं उठली?"

"कागदाले नऊ वर्षं लागली," ते म्हणाले. "गावाले एक दुपार."

घंटा झाली. मॅडमनी आभार मानले, टाळ्या वाजल्या. शीट गुंडाळून नळीत घालताना ते माझ्याकडे न पाहता बोलले, "बापाले विचारजो, त्यानं ती शीव जोडली काय."

विचारणं तर माझं कामच झालं होतं. पण ते मी त्या दिवशी विचारलं नाही, कारण घरी काय चाललंय ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं. पूर्णिमालाही नाही.

आधी हे सांगते की माझे आईबाबा कसे आहेत. बाबांचा धक्का टेबलाला लागला तर ते टेबलाला सॉरी म्हणतात. आई समता कॉलनीत एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसते, आणि इंजेक्शनला घाबरणारी पोरं डॉक्टरांऐवजी तिचा हात धरतात. नव्या घरात आम्ही वास्तुशांत वगैरे केली नाही, आम्ही बौद्ध आहोत. भंतेजी आले, परित्राण पाठ झाला, सगळ्यांना खीर वाटली. भुतंखेतं, नजर, करणी यावर आमच्या घरात कोणाचा विश्वास नाही. माझाही नाही. मी जे सांगते आहे ते मी मोजलेलं आहे.

घराची रचना अशी. मध्ये हॉल. हॉलच्या एका बाजूला स्वयंपाकघर आणि माझी लहान खोली, दुसऱ्या बाजूला आईबाबांची खोली. 

मे महिन्यातली दुपार. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, बाबा त्यांच्या खोलीच्या दारात. कूलरमध्ये पाणी कोणी टाकायचं एवढंच बोलणं चाललं होतं. बाबांनी हातातला स्टीलचा ग्लास फेकला. रागानं नाही. चेहरा तसाच होता, सकाळी दात घासताना असतो तसा. ग्लास आईच्या कपाळावर लागला, आवाज झाला, आणि ग्लास हॉलमध्ये बराच वेळ गोल फिरत राहिला. दोघंही त्याच्याकडे पाहत होते. मग आई म्हणाली, "टाकते मी पाणी." तिच्या भुवईवर टेंगूळ आलं.

जूनमध्ये कुत्री. आमच्या ओळीतल्या घरांसमोर दोन कुत्री रोज एकत्र झोपायची. एका दुपारी ती उठली, थोड्या अंतरावर गेली, वळली, आणि एकमेकांच्या अंगावर आली. भुंकणं नाही, गुरगुरणं नाही. फक्त दातांचा आवाज. सुरक्षा रक्षकानं त्यांच्यावर पाण्याची बादली ओतली, काठी मारली, काही उपयोग झाला नाही. शेवटी एकाचा गळा सुटला तेव्हा दुसरं त्याच्याजवळच बसून त्याचं रक्त चाटत होतं, जखम बरी करायला चाटतात तसं.

मग आमच्यापासून तिसऱ्या घरातले दोघे भाऊ. मूळचे अभनपुरचे, धानाच्या व्यापारातले, तोंडात सतत गोडवा. धाकट्यानं थोरल्याचा कान चावून तोडला. पोलीस आले तेव्हा धाकटा हॉलमध्ये बसून थोरल्याला वारा घालत होता. "भैया को बहुत दर्द है," तो पोलिसांना सांगत होता. "जल्दी कुछ करो."

तो शब्द माझ्या डोक्यात राहिला. हॉलमध्ये.

सहारे सरांनी शाळेत दाखवलेल्या शीटची मी मॅडमकडून झेरॉक्स घेतली होती. बाबांच्या कपाटातून सेक्टरच्या मांडणीचा नकाशा काढला, दोन्ही एका मापात आणले, बटर पेपरवर तलावाचा काठ, गाडीवाट आणि एक जुना मोजणीचा दगड जुळवले. दगड अजून आहे, रोपवाटिकेच्या कुंपणात. तिथून मी टेप घेऊन उन्हात चालत आले. दोन रविवार लागले. दोन्ही वेळा उत्तर एकच.

पट्टी आमच्या ओळीतल्या सगळ्या घरांखालून जात होती. तिसऱ्या घरात तिच्यावर हॉल होता. आमच्याकडेही. सहा पावलं, भिंतीपासून भिंतीपर्यंत. आई ज्या दारात उभी राहत होती ते सेमरकोनाकडे. बाबांचं दार टेंगनापारकडे.

त्या संध्याकाळी मी बाबांना विचारलं. आई आंघोळीला गेली होती.

"बाबा, तुम्ही ही शीव जोडली का?"

त्यांनी बटर पेपर उजेडाकडे धरला. आधी कौतुकानं पाहिलं, कारण माझी रेघ त्यांच्यासारखीच येते. मग त्यांच्या बोटांनी ती जागा शोधली.

"जुन्या दोन शीट्सची कड लागत नव्हती," ते म्हणाले. "मधात फट राहून राहिली होती. फट असली तर शीट वापस येते, बेटा. साहेब म्हणते, ये क्या है, किसका है. मग आपण हातानंच थोडी इकडची, थोडी तिकडची ओढून जुळवतो. सगळेच करतात. एका मिलिमीटरचं काम."

"आणि मग घर?"

"सोडतीत ही ओळ निघाली तेव्हा मले आनंद झाला होता," बाबा म्हणाले. "म्हटलं, माझ्याच हातच्या रेघेवर राहायला चाललो."

आईनं आतून विचारलं, "कोणाशी बोलून राहिले?" आणि बाबांचा हात टेबलावरच्या कटरकडे गेला. मी तो आधी उचलला.

मी ठरवलं, यांना इथून हलवायचं. आईला म्हटलं, काही दिवस मावशीकडे राहा. ती तयार झाली, तिलाही भीती वाटत होती, ती स्वतःलाच घाबरत होती. "माझ्या हातात काय असते तेच मले समजत नाही," ती म्हणाली. "परवा मी तुझ्या बाबाच्या पाठीमागं वरवंटा घेऊन उभी होते. किती वेळ, माहीत नाही."

ती गेली. तीन दिवस सगळं ठीक होतं. चौथ्या दिवशी बाबा तिचा डबा घेऊन दवाखान्यात गेले. इथून वीस किलोमीटर दूर, समता कॉलनीच्या भर वस्तीत, पेशंटनी भरलेल्या खोलीत. आई टेबलाच्या त्या बाजूला, बाबा या बाजूला. तिनं पावती काढायला खण उघडला. बाबांनी तिचा हात आत असताना खण बंद केला. मग उघडला आणि परत बंद केला. चार वेळा. तीन बोटं मोडली. डॉक्टर आणि कंपाउंडरनी त्यांना धरलं तेव्हा आईनं डाव्या हातानं कैची बाबांच्या खांद्यात खुपसली होती. दोघांपैकी कोणीही ओरडलं नव्हतं. डबा टेबलावर तसाच होता, वर रुमालाची गाठ.

मी बस पकडून सहारे सरांकडे गेले. ते गुढियारीतच राहतात, आमच्या जुन्या खोल्यांपासून चार गल्ल्या पलीकडे. मी सगळं सांगितलं. त्यांनी मला पाणी दिलं.

"तेव्हाही पळाले होते लोक," ते म्हणाले. "वाचले ते. कोणी अभनपुरच्या बाजारात गेला, कोणी नात्यात. सेमरकोनाचा अन् टेंगनापारचा जिथं भेटला तिथं टंगिया निघाली, कुऱ्हाड. एका मांडवात नवरी सेमरकोनाची होती अन् नवरदेव टेंगनापारचा."

"मग थांबलं कसं?"

त्यांनी कपाटातून एक फील्ड बुक काढलं, मेणकापडाच्या पुठ्ठ्याचं. "मी खलाशी होतो तेव्हाची मोजणी. अडुसष्ट साल. आमचं काम, माणूस दिसला की गाव विचारायचं, लिहायचं. भाठ्यावर, भर उन्हात, त्या पट्टीत एक बाई बसलेली. लुगडं नीट, केस विंचरलेले. बाजूला पेजेचं झाकलेलं गाडगं. मी विचारलं, बाई कुठली? ती म्हणे, कुठलीच नाही. नवऱ्याचं नाव? नाही. बापाचं? नाही. पेज कोण आणते? कोणी तरी आणते, म्हणे. दोघं येतात, म्हातारा अन् म्हातारी. भले आहेत. कोण आहेत माहीत नाही."

पानावर पेन्सिलीनं एवढंच लिहिलं होतं: *एक स्त्री. गाव नाही.* आणि शेजारी दोन समांतर तुटक रेषा.

"आम्ही शीव उघडी दाखवली," सहारे सर म्हणाले. "ती होती तोवर काही झालं नाही. मले समजावून सांगता येत नाही, पोरी. मी फक्त मोजलं."

मी त्यांना विचारलं, ती बाई तिथं कधीपासून होती. त्यांनी फील्ड बुक मिटलं.

त्या रविवारी आई घरी आली. मी नको म्हटलं होतं. ती म्हणाली, "माझं घर आहे." उजव्या हाताला प्लास्टर. बाबांचा खांदा बांधलेला. दोघांनी सकाळभर एकमेकांकडे पाहायचं टाळलं. बाबा त्यांच्या खोलीत, आई स्वयंपाकघरात, दोन्ही दारं बंद. मी माझ्या खोलीत बसून मोबाईलवर घड्याळ बघत होते. सव्वाबारा. साडेबारा.

दोन्ही कड्या एकाच वेळी निघाल्या.

मी बाहेर आले तेव्हा आईच्या डाव्या हातात वरवंटा होता. बाबांनी मच्छरदाणीचा लोखंडी दांडा काढला होता. ते एकमेकांकडे चालत आले. धावले नाहीत. लग्नातल्या माणसांसारखे चालले.

वरवंटा बाबांच्या गळपट्टीच्या हाडावर बसला. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. दांडा आईच्या डोक्याच्या बाजूला. तिचं डोकं भिंतीवर आपटलं आणि भिंतीवर लाल रेघ ओढत ती खाली घसरली, पण हातातला वरवंटा सोडला नाही. खालून तिनं तो बाबांच्या गुडघ्यावर मारला. बाबा खाली बसले. आता दोघं समोरासमोर बसून मारत होते. चेहरे शांत. बाबांच्या तोंडातून रक्त येत होतं आणि ते मनगटानं पुसत होते, घाम पुसावा तसं.

मी ओरडत होते. ऐकू कोणालाच गेलं नाही.

मी त्यांच्या मध्ये शिरले.

दांडा माझ्या कानाजवळ थांबला.

वरवंटा माझ्या पोटाजवळ थांबला.

"अरे बापरे," बाबा म्हणाले. त्यांनी दांड्याकडे पाहिलं. "अपर्णा, तुले किती लागलं!" आई रडायला लागली. तिनं पदर फाडून बाबांच्या तोंडाला लावला. ते माझे आईबाबा होते, पुन्हा तेच.

मी पाणी आणायला स्वयंपाकघराकडे एक पाऊल टाकलं. पट्टीच्या बाहेर.

आईचा हात वर गेला.

मी परत आत आले. हात खाली आला.

मी परत एकदा करून पाहिलं. मला खात्री करायची होती. त्यात आईच्या आणखी एका बोटाला लागलं, त्याबद्दल मला वाईट वाटतं. पण आता मोजून झालं होतं.

अर्धा तास मी तिथंच उभी राहिले आणि फोन करून दोन रिक्षा बोलावल्या. आईनं बाबांना टेकून बसवलं. मग ती माझ्याकडे वळली. तिच्या डोक्यातून रक्त कानापर्यंत आलं होतं, आवाज मऊ होता.

"तुम्ही उभ्या कशाले," ती मला म्हणाली. "बसा ना."

माझ्या आईनं मला आयुष्यात कधी अहोजाहो केलं नाही.

बाबांना आधी वेगळ्या रिक्षातून पाठवलं; आमची रिक्षा इस्पितळाच्या दारात थांबली तेव्हा तिनं मला घट्ट धरलं. "माझी कौमू," म्हणाली. मी स्वतःला समजावलं, डोक्याला मार लागला होता. तिला सात टाके पडले. बाथरूममध्ये घसरलो, असं त्यांनी लिहून दिलं, दोघांनीही.

पुढचे अकरा दिवस मी शाळेत गेले नाही. पूर्णिमाचे मेसेज येत होते. "कहाँ मर गई? नया सवाल है तेरे लिए." मी हॉलमध्ये सतरंजी टाकून तिथंच जेवले, तिथंच अभ्यास केला, तिथंच झोपले. बाथरूमला जायचं असलं की आधी आईला स्वयंपाकघरात आणि बाबांना खोलीत घालून बाहेरून कडी लावायची, धावत जायची, धावत यायची. तेवढ्या वेळात दारांवर आतून काहीतरी आपटायचं.

मी पट्टीत असले की घर फार छान असायचं. हे मला लिहायलाच हवं. बाबा आईच्या प्लास्टरवर चित्र काढायचे. ती त्यांना डाव्या हातानं भरवायची. त्यांना असं हसताना मी गुढियारीतही पाहिलं नव्हतं.

पाचव्या दिवशी बाबांनी माझा फोटो भिंतीवरून काढला, वादविवादाची ढाल हातात धरलेला. पुसला, उलटसुलट पाहिला. "आधीचे लोक विसरून गेले वाटते," आईला म्हणाले. "पोट्टी हुशार दिसते."

आठव्या दिवशी आईनं दोनच ताटं वाढली. मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि ती शरमली. एका ताटलीत तिनं भात-वरण आणून माझ्या सतरंजीच्या कडेला ठेवलं. "संकोच करू नका," म्हणाली.

मी घाबरले होते का? हो. मी ओरडून तिला सांगितलं, मी कौमुदी, तुझी मुलगी, माझ्या डाव्या पायावर भाजल्याची खूण आहे, तूच भाजलंस, चुकून, दूध उतरवताना. ती लक्ष देऊन ऐकत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं, परक्याचं दुःख ऐकून येतं तसं.

मी एक पाऊल बाहेर टाकलं असतं तर तिला सगळं आठवलं असतं. मला ते माहीत होतं. तिच्या कमरेला, पदराखाली, वरवंटा खोचलेला होता. तिला तो तिथं आहे हे माहीत नव्हतं.

अकराव्या रात्री मी खूप विचार केला असं काही नाही. हिशेब सरळ होता. मी यांची राहिले तर हे राहत नाहीत.

सकाळी दोघं चहा घेऊन त्यांच्या खोलीच्या उंबऱ्यावर शेजारीशेजारी बसले होते. मी केस विंचरले, शाळेचा गणवेश घातला, तोच एक इस्त्रीचा होता. पट्टीच्या मधोमध उभी राहिले. आवाज नीट निघावा म्हणून स्पर्धेत घेते तसा एक श्वास घेतला.

"आई, बाबा, माझा निर्णय झाला आहे," मी म्हटलं. "मी आता इथून हलणार नाही. शाळेत नाही, कुठंच नाही. मी इथंच राहणार, कायमची."

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. दोघंही भली माणसं आहेत. मग आईनं कप खाली ठेवला, आणि काळजीनं विचारलं,

"पण तुमच्या घरच्यांना सांगितलं का?"